लाल राहिलेली नळी

—बसा, कौसल्याताई, फक्त दार असं आपटू नका, धडधडते मले. लाइट गेली ना, आता इन्क्युबेटर, जंतू वाढवायची पेटी, थंडच — म्हणून ह्या नळ्या मी ओढणीखाली पोटाशी बांधून फिरते. हसू नका! जंतूंना अंगाइतकीच ऊब लागते, सदतीस डिग्री. — विहिरीचं पाणी? चांगलं निघालं. बरं झालं... बरं काय झालं! होस्टेलच्या पोरी तापानं पडल्या त्या मग कायनं? हे पाहा. ह्या प्लेटमधे दुधातली साखर असते. आपल्या पोटातला नेहमीचा जंतू ती खाते अन् गुलाबी उगवते. टायफॉइडचा तिले तोंडच लावत नाही — बिनरंगी राह्यते, दवाच्या थेंबासारखा. पोरींच्या प्लेटीत तसाच आहे. अन् ह्या नळ्याईत — ग्लुकोजची पिवळी झाली, म्हणजे खाल्लं. लॅक्टोजची, म्हणजे त्याच दुधाच्या साखरेची, लालच — तोंड नाही लावलं. — कोणाच्या नळ्या? स्वयंपाकघरातल्या सगळ्याईची शौच तपासाले घेतली ना, त्यातल्याच एका... ताई, तुमाले कधी मोठा ताप आलता काय? लग्नाआधी? बघा! ताप उतरते, पण एखाद्याच्या पित्ताशयात जंतू घर करून राह्यतात. बाई ठणठणीत, अन् तिच्या हातच्या भाकरीनं नाही हो, भाकरी भाजते — कोशिंबिरीनं...

रडू नका. दोष नाही तुमचा. पण संस्थेत कोण सांगणार हे? यंदा कापूस बुडाला, घरं बसली म्हणून पोरी इथं, दोन घास तुमच्याच हातचे. तरी 'बौद्धाच्या हातचं नाही खाणार' म्हणून पालक दारात उभे राह्यले, तेव्हा पंगतीत कोण बसलं? मीच ना, मुद्दाम, सर्वांसमोर! मागून मागून खाल्ली कोशिंबीर. तेव्हापासून रोज तुमचाच डबा. आता रिपोर्टवर तुमचं नाव लिहिलं, की म्हणतील, आम्ही सांगतच होतो. जंतूले कुठं जात असते, पण ऐकते कोण? अन् नाही लिहिलं तर — होस्टेलच्या त्या वैष्णवीच्या पोटात पाणीसुद्धा ठरून नाही राह्यलं, ताई.

— माझा चेहरा? उन्हानं असंल. थांबा, नळ्याईसंग थर्मामीटर बांधलंय, त्यात सदतीसच—

अडतीसच्या वर गेलंय.

हां... कणकण होतीच मले. मी म्हटलं, जागरण.

जा तुम्ही. आज चुलीपाशी जाऊ नका, उद्याही नाही. नाव लिहिते मी. तुमचं, अन् त्याखाली तापाच्या यादीत माझं — वाचू द्या त्याईले दोन्ही. — डबा? नको, उघडू नका. न्या तो. जा, ताई.