ब्लॉकला मारलेलं पाणी

येरमाळ्याच्या विकासचं सांगितलं का तुमाला? मग कप आधी खाली ठेवा, न्हायतर चहा नाकातून येईल.

विकास माझा चुलतभाऊ. गाडीला मोठा टर्बो बसवून शर्यतीत पळवायचं त्याला लई खूळ. एवढ्या ताकदीनं इंजिनाचा ब्लॉक तडकतो म्हणं. म्हणून त्यानं मोकळा ब्लॉक अंगणात मांडला आणि आतल्या सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत कसलीशी पूड कालवून ओतली. त्याचे वडील, आमचे आण्णा, जन्मभर गवंडी. ते येऊन बघत उभे राहिले.

"हे काय रे?"

"सिमेंटचाच प्रकार हाय, आण्णा. ब्लॉकला तडा जाऊ नये म्हणून भरलाय. म्या पुण्याहून पिस्टन घेऊन येतो, तवर जरा लक्ष ठेवा."

"त्याची काळजी तू सोड."

आठवड्यानं विकास परत आला तो अंगणातच बोंबलला. ब्लॉकवर ओलं गोणपाट आणि शेजारी आण्णा नळी धरून उभे! आरशासारखे घासून आणलेले सिलिंडर तांबडेलाल झालेले.

"आण्णा, इंजिनाला पाणी कशाला मारलं तुम्ही?"

"सिमेंट भरून पाणी न मारता तूच पळालास की! म्या सकाळ-संध्याकाळ मारलंय, एक दिस चुकवला न्हाय."

"आवो, गंजला की सगळा!"

आण्णांनी गोणपाट बाजूला काढलं, चष्मा नीट केला आणि स्लॅब तपासावा तसा ब्लॉक चारी अंगानं निरखला.

"गंजाचं सोड. तडा दाव एक तरी!"