पक्क्या वेल्डिंगची सीट

...नाही, मला सांगा, ज्या माणसाने सगळ्या सुट्ट्या गाडीखाली झोपून काढल्या, त्याला एकदा तरी गाडीत बसायला मिळावं की नाही? तुम्हाला सांगतो, भंगारात निघालेली छोटी गाडी, म्हटलं हिला आपण घरच्या घरी रेसच्या ट्रॅकवर पळण्याजोगी करू, तीही कमी खर्चात. कमी खर्चात म्हणजे काय, तर पैसे वाचतात आणि माणूस खर्ची पडतो.

शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, "काय, झाली का गाडी?" मी म्हणायचो, "झालीच आहे काका, फक्त ट्यूनिंग राहिलंय." गाडीत तेव्हा इंजिनसुद्धा नव्हतं.

मग गाडीचं वजन कमी करायचं खूळ डोक्यात शिरलं. मागची सीट काढली, दारांचे पत्रे काढले... बायको म्हणाली, "चाकं तेवढी राहू दे." ड्रायव्हरची सीट मागेपुढे सरकवायच्या पट्ट्या, त्याही काढल्या. चालवणारा मी एकटा, सरकवायचीय कुणाला? वेल्डर बोलावून एकदाच वेल्डिंग मारू, विषय संपला.

आता स्प्रिंगा जुळवताना आत चालवणाऱ्याचं वजन लागतं. पण मी आत बसलो तर खाली पाना कोण फिरवणार? म्हणून बायकोला बसवलं. मटार सोलत बसली बिचारी. मध्येच वेल्डरला म्हणाली, "सीट जरा पुढे घ्या ना, पाय पोचत नाहीत." मी गाडीखाली, तोंडात टॉर्च, ओरडलो, "घ्या पुढे!" वेल्डरने घेतली. आणि तिथेच वेल्डिंग मारलं... पक्कं. इंजिन जुळवतानाही तेच, मी बॉनेटमध्ये डोकं घालून "दाब" म्हणायचो, ती दाबायची, "सोड" म्हणायचो, ती सोडायची. काका म्हणाले, "झाली का?" म्हटलं, "झालीच आहे, फक्त ट्यूनिंग राहिलंय." आणि या गडबडीत मी आत बसलोच नाही हो!

ट्रॅकवर टेम्पोत घालून नेली. हेल्मेट, हातमोजे, सगळा थाट. आत शिरलो तर गुडघे छातीशी. क्लच दाबला की गुडघ्याने स्टिअरिंग फिरतंय. झेंडेवाला म्हणतो, "साहेब, निघताय का? मागे रांग लागलीय." खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

बायको म्हणाली, "उतर. एक फेरी मारते, निदान गाडीला तरी ट्रॅक दिसू दे." एक फेरी म्हणाली आणि वेळ संपेपर्यंत उतरली नाही! पण काय पळत होती गाडी... तो आवाज मी जुळवलेला, ती वळणावरची पकड मी बसवलेल्या स्प्रिंगांची. कठड्याला धरून वेड्यासारखा हसत होतो. ती उतरली ती लालबुंद होऊन, म्हणाली, "डाव्या वळणावर मागचं चाक जरा सरकतंय, घरी गेल्यावर बघ." मी म्हटलं, "बघतो."

तेवढ्यात वेल्डर पुढे आला, बरोबरच आला होता तो. म्हणाला, "साहेब, चुटकीसरशी काम. सीट कापतो, मागे घेतो." मी बायकोकडे बघितलं. बायकोने वेल्डरकडे बघितलं. वेल्डर हातातलं मशीन परत पिशवीत टाकत म्हणाला, "तसं बघायला गेलं तर साहेब, सीट बरोबरच आहे... तुम्हीच जरा उंच आहात."