दुहेरी उठलेला ठसा

नाही, फुंकर मारू नका — रंगाची पूड उडेल नि तुमच्या कपड्यांचंच शुभेच्छापत्र होईल. डबीच्या झाकणाला टाचणीनं भोक पाडलंय ना, त्यावर नुसती टिचकी मारायची, कागदावर चिमूटभर सांडली की बास. आता पाणी फवारा. बघा — दिसायला तपकिरी, आणि पाणी लागलं की निळा, जांभळा, मध्येच कुठेतरी हिरवा. कुठे काय उमटायचं ते तिचं तीच ठरवते. म्हणून तर मला ही पूड आवडते, हल्ली फारच आवडते — हात कसाही असला तरी चालतो. म्हणजे नवशिक्याचा हो. तुमच्यासाठी म्हणतेय.

वाळलं? आता हा चिमणीचा रबरी ठसा घ्या. शाईच्या पॅडवर हलकेच टेकवा, चोळू नका, मग कागदावर सरळ खाली दाबा नि सरळ वर उचला. जरा हलला की चिमणीला दोन चोची येतात. मी करून दाखवू? दाखवलं असतं, पण — चष्मा आत राहिलाय. हो, डोक्यावर आहे तो लांबचा. तुम्हीच करा, करून करूनच येतं. मला तरी कुणी दाखवलं होतं? — दाखवलं होतं म्हणा, शाळेतल्या बाईंनी, पण ते जाऊ द्या.

ती टोपली झाकलेलीच असू द्या. — उघडलीत ना. बरं. दोन चोची, चार डोळे, सगळ्या माझ्याच चिमण्या, गेल्या पंधरवड्यातल्या. उजवा हात थरथरतो, झालं. चमचा धरला की थरथरतो, ठसा धरला की जास्तच. डॉक्टरकडे एकटीच गेले, ह्यांना सांगितलं कागद आणायला चाललेय — आणि येताना खरंच कागद घेऊन आले, निदान अर्धं तरी खरं असावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, कमीजास्त होईल, पण जाणार नाही. बसा हो, अशा उठू नका, मला काही धाड भरलेली नाही.

प्रश्न लेकीचा आहे. दुसऱ्या शहरात असते ती. ह्यांचा पाय मोडला तेव्हा नोकरी सोडून आली, आठ महिने राहिली, आणि परत गेली तर तिच्या खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं. तीन वर्षं वणवण केली पोरीनं. आत्ता कुठे पुन्हा मनासारखं काम मिळालंय, महिनासुद्धा झाला नाही. हाताचं कळलं तर बॅग भरून दारात उभी राहील, मी ओळखते ना तिला. आणि गुरुवारी तिचा वाढदिवस. दर वर्षी माझ्या हातचं कार्ड जातं, आणि ती एकेक रेघ निरखून बघणारी. म्हणून — आता सांगूनच टाकते — तुम्ही सरावाचं म्हणून करताय ना हे, ते सरावाचं नाही. शिकवणीची पाटीच मी त्यासाठी लावली. रागावलात? रागवा, पण आधी ठसा उचला. सरळ वर… हं. सुरेख.

शुभेच्छांचा ठसा आत मारून झाला, आता खाली फक्त ‘आई’ लिहायचं. दोन अक्षरं. लिहा ना. — पेन माझ्याकडे कशाला सरकवताय? तिला सांगून टाका म्हणणं सोपं आहे, तिची नोकरी गेली तर तुम्ही भरून देणार आहात का? — काय? तुमच्या आईनंही लपवलं होतं? मग तुम्हाला कळलं कधी?

— त्या गेल्यावर. हं.

आणा ते पेन. इकडे बघू नका. तिकडे, खिडकीकडे बघा… झालं. काना बघा कसा नागमोडी गेलाय, ती पहिल्या नजरेत ओळखेल. दुसरं कार्ड करू या — नको. राहू दे. घाला पाकिटात, पत्ता तुमच्या अक्षरात लिहा, वाटेत टपालपेटी लागते तुम्हाला, तिच्यात टाका. पाणीबिणी काही नको, मी ठीक आहे. आज शिकवणी एवढीच. निघा तुम्ही, माझा विचार फिरायच्या आत निघा.