छापखान्यातलं जर्मन

वाचनालयाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते आणि टेबलापलीकडे ग्रंथपाल बाई.

“नवशिक्यांसाठी सोपं जर्मन पुस्तक हवंय.”

“हे घ्या, सशाची गोष्ट. पानाला दोनच ओळी.”

“अवघड आहे हो हे.”

“आजोबा, याहून सोपं आमच्याकडे नाही. जर्मन अजिबात येत नाही का?”

“येतं की! ते मागचं जाडजूड द्या, छपाईयंत्रांचं. हं, हे बघा. ‘रोलरचा दाब वाढवण्याआधी जुनी शाई पुसून घ्यावी.’”

“अगंबाई! हे पुस्तक आजवर कोणी घरीसुद्धा नेलं नाही. शिकलात कुठे?”

“छापखान्यात. मशीन जर्मन, त्याचं माहितीपुस्तकही जर्मन. मालक म्हणाले, तूच बघ बाबा. मग शब्दकोश घेऊन बसलो. एकतीस वर्षं तेच एक पुस्तक वाचलं.”

“आणि ससा अडला?”

“मशीनमध्ये ससा नसतो ना, ताई. त्याची आईही नसते. रविवारी जर्मनीहून नात येतेय, पाच वर्षांची. तिला फक्त जर्मन कळतं. तिला काय रोलरचा दाब सांगू?”

“मग ससाच न्या. अडेल तिथे तीच शिकवेल.”

“नेतो. पण एक विचारू? माझ्या पुस्तकातली ओळ नीट कळली, की मशीन सुरू व्हायचं. गोष्टीतली ओळ नीट कळली, की काय सुरू होतं?”

बाईंनी शिक्का उचलला होता. तो खाली ठेवून त्यांनी सशाच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.