काळी मुसळी

उधन्याच्या बस थांब्यावर एका वयस्क बाईच्या मांडीवर मातीनं भरलेला डबा होता. शेजारच्या मुलीनं विचारलं,

"मावशी, काय लावलंय?"

"काळी मुसळी. आमच्या शिरपूरकडच्या रानातली."

"पान तर एकही नाही."

"हिवाळ्यात वाळतं. कंद सडू नये म्हणून पाणी बेतानं घालायचं. पावसाळ्यात परत फुटतं."

"फूल येतं?"

"पिवळं, चांदणीसारखं, मातीला टेकून. पण आमच्या खोलीत उजेड नाही. सात वर्षांत एकही आलं नाही."

"मग आता कुठं नेताय?"

"चलथाणला, भावाकडे. त्याचं अंगण मोठं आहे."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्ही येताय?"

"नाही. आई गेल्यापासून आम्ही बोललो नाही. पण हा कंद त्यानंच खणून दिला होता. मला नाही, तर याला तरी घेईल."