तिघांच्या फोटोतला दगड

फोटोचं नाव काढू नका माझ्यासमोर. आयुष्यात एकदाच काढला मी. आम्ही चौघं दोस्त अंबाझरी तलावावर डबे घेऊन गेलो होतो. इतवारीतल्या फोटोवाल्याचा कॅमेरा दिवसापुरता मागून आणला होता, पण फोटो उमटायची काच एकच, म्हणजे फोटोही एकच. मी कॅमेऱ्यामागे गेलो आणि समोर तिघेच उरले.

"तिघायचा फोटो काढू नोको गा! त्यातला एक जाते," गणपत ओरडला. आपल्याकडे तिघे बाहेर निघाले की चौथा म्हणून दगड सोबत घेतात ना, तसा त्यानं काठावरचा दगड उचलून मांडीवर घेतला. "हा आमचा चौथा. आता काढ!"

मी भिंगावरचं झाकण काढलं. "दहा मोजेपर्यंत कोणी हलू नका." पण त्या दगडाकडे पाहून तिघेही हसत सुटले.

त्याच साली प्लेगनं गणपतला नेलं. त्याची आई फोटो पाहायला आली. हसताना हलल्यामुळे तिन्ही चेहरे धुरासारखे पुसट आले होते. दगड तेवढा लख्ख.

"माहा गणपत कोणता गा यात?"

मी दगडावर बोट ठेवलं. "हा ज्यानं धरला, तोच, माय."

ती कितीतरी वेळ त्या दगडावरून हात फिरवत राहिली.