दुपारचा पहारा

— नाही बाळ, मला बसता येणार नाही. तू बस, त्या खांबाला टेकून बस — वीणा हातात असली की विणेकऱ्यानं उभंच राहायचं असतं, आणि सप्ताहाचे सातही दिवस, काल्याचं कीर्तन होईपर्यंत, ती जमिनीला टेकवायची नसते, या हातातून त्या हातात जायची. खरं तर बोलायचंही नसतं, नाम घ्यायचं असतं — विठ्ठल, विठ्ठल — पण तू उन्हातून आलीस, राष्ट्रीय युवा धोरणासाठी ज्येष्ठांची मतं गोळा करतेस, आणि देवळात या वेळी माझ्यावाचून आहे कोण? मध्येच मी नाम घेईन, तेवढं तुझ्या टॅबमध्ये टिपू नकोस म्हणजे झालं.

तर तरुण कोणाला म्हणावं, हा पहिला प्रश्न — आमच्या खासबागेतल्या भजनी मंडळात सर्वांत तरुण नागेंद्र, आणि तो गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाला. आत्ताचा वीणेचा पहारा त्याचाच. मघाशी फोन आला, ‘अण्णा, गुडघं धरल्यात, आज न्हाय जमायचं, तेवढं ओढून न्या की.’ ओढतोय. संध्याकाळी मंडळातल्या जयाबाई येतील, त्यांच्या हाती देईन. थकलो? छे — पाय थरथरतात ते वयानं, उभं राहिल्यानं नव्हे.

शिक्षण, नोकरी — त्याबद्दल काय सांगू? तू चिकोडीची ना, दिव्या? मग तुला ठाऊकच आहे. इथलं, सीमेवरचं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड, मुलाखतीला इंग्रजी, आणि तिन्ही येऊनही या बाजूला त्याला तिकडचं म्हणतात, त्या बाजूला इकडचं. शेवटी ते पुण्याला जातं, नाहीतर बेंगळूरला. माझा सुहास बेंगळूरला गेला — तक्रार नाही हं, रोज नऊला त्याचा फोन येतो, ‘जेवलात का’ विचारतो, मी ‘जेवलो’ म्हणतो. नातवाची आजी गेल्यापासून घरात तेवढाच एक आवाज. म्हणून तर — विठ्ठल, विठ्ठल — म्हणून नव्हे, सेवा म्हणून मी दोन-दोन पहारे घेतो. घरी जाऊन तरी काय करायचं? इथं हाताला काहीतरी असतं.

तिसरा प्रश्न पुन्हा वाच. तरुणांचा समाजकार्यातला सहभाग — हां, हे लिही, शब्दशः लिही: ‘तरुण हात पुढं करत नाहीत.’ आणि त्याखाली आमची रीत लिही, तुमच्या धोरणाला उपयोगी पडेल. पहारा बदलताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, हे कुठंही दिसेल. पण आमच्यात देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो, मग तो घेणारा नातवाच्या वयाचा का असेना. ज्याच्या हाती नाम सोपवायचं त्याच्यापुढं आधी आपण वाकायचं. संतांनी वय कधी विचारलं नाही, बाळ.

ओमकार, माझा नातू, गेल्या वर्षीच्या सप्ताहाला मुद्दाम सुट्टी काढून आला होता. उभा राहिला वीणा घेऊन. मी तासभर त्याच्या शेजारून हललो नाही — दांडी खांद्याला टेकव, नख लावू नकोस, बोटाच्या पेरानं तार छेड, नाम स्पष्ट घे, बेंगळूरचे हेल काढू नकोस — एवढ्या प्रेमानं कोण शिकवतं? यंदा फोनवर काय म्हणाला माहीत आहे? ‘आजोबा, तुम्हीच धरा, तुमच्यासारखं आम्हाला कुठं जमतंय.’ केवढा आदर! साऱ्या मंडळाला सांगितलं मी ते. आला नाही, पण बोलला किती छान.

अगं, उठलीस कशाला? ती कोनाड्यातली पुडी होय — रक्तदाबाची गोळी, दुपारची राहिली आहे, एका हातानं ती फोडता येत नाही. काय? तू धरतेस तोवर? वीणा? ... तू? संकोच कसला, जैनांच्या घरची असलीस म्हणून काय झालं, वीणा घर विचारत नाही. ये. आधी हात धू पण, तिथं कळशी आहे. ओढणी नीट खोच, तारेत अडकेल. घड्याळ काढ. अशी ये, डावीकडून — डावीकडून म्हणालो ना मी — दांडी इथं, भोपळा कमरेशी, नाही नाही, मूठ आवळू नकोस, तार आधी ऐक, आणि नाम घेताना खाली बघ, टॅबकडं नको — ओढू नकोस अशी, थांब, मी अजून सोडलेली नाही —

काय म्हणालीस?

‘आजोबा, तुम्हीच धरा.’

ओमकारचाही आवाज असाच होता, नाही का. हळू. मी आदर समजलो.

आणि तू हात पुढं केलेस, तर मी वाकलोसुद्धा नाही.

बाळ, ते तिसरं उत्तर पुसता येतं का? पुस. त्या जागी काय? काही नको, कोरं ठेव. गोळी राहू दे तिथंच, जयाबाई आल्यावर घेईन. जा तू, सांबऱ्याची बस निघून जाईल, तिथं अजून घरं करायची आहेत म्हणालीस. मलाही नाम घ्यायचं आहे. जा.

दार लोटून घेऊ नकोस — उघडंच असू दे.